टाइमशेअरची अदलाबदल: दोन जाळी आणि बेटांवरचे मोजके आठवडे

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधल्या फ्लॅटचा वर्षातला एखादा आठवडा विकत घेणं. तो दुसऱ्या रिसॉर्टच्या आठवड्याशी बदलून देणाऱ्या कंपन्या म्हणजे इथली जाळी; त्यांतली मोठी दोन. बेटावरची सुट्टी अशा अदलाबदलीतून जमवायची म्हटलं की पहिली तुलना रिसॉर्टांच्या संख्येची होते. एका जाळ्याच्या यादीत चार हजारांहून अधिक रिसॉर्ट, दुसऱ्याच्या यादीत तीन हजारांहून अधिक. जाहिरातीही याच आकड्यांवर चालतात. पण हवाईतल्या माउईवर किंवा कॅरिबियनमधल्या अरुबावर फेब्रुवारीतला आठवडा हाती लागेल का, याचा या आकड्यांशी फारसा संबंध नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं: आपला आठवडा जाळ्याच्या हवाली कधी करावा लागतो, आणि त्याचं मोल कोण, कशाच्या आधारे ठरवतं. या दोन्हींबाबत आज जे नियम आहेत ते तसे का झाले, हे समजून घ्यायला 1996 ते 2010 हा काळ पाहावा लागतो. त्याआधीचं थोडक्यात.

टाइमशेअरची कल्पना युरोपातली, 1960च्या दशकातली. फ्रेंच आल्प्समधलं एक स्की रिसॉर्ट आणि 1963 साली स्वित्झर्लंडमध्ये निघालेली एक संस्था यांच्यापासून ही गोष्ट सांगायला सुरुवात करतात. अमेरिकेत ती पसरली 1970च्या दशकातल्या मंदीत, फ्लोरिडात न खपलेले कॉन्डो, म्हणजे मालकीचे फ्लॅट, आठवड्या-आठवड्यानं विकायची युक्ती बिल्डरांना सापडली तेव्हा. 1974 साली इंडियानापोलिसमधल्या एका दांपत्यानं अदलाबदल जुळवून देण्याचा धंदा काढला. दोन वर्षांनी मायामीत दुसरं जाळं उभं राहिलं. आजही मुख्य स्पर्धा या दोघांतच आहे.

सुरुवातीची अदलाबदल सरळ होती: तुम्ही माझ्याकडे, मी तुमच्याकडे. पण हवाईतल्या कुआई बेटावर आठवडा असलेल्या माणसाला नेमकं तुमच्याच रिसॉर्टला, तुमच्याच तारखांना यायचं असेल अशी शक्यता किती? त्यावर तोडगा म्हणून जमा करण्याची पद्धत आली. आपला आठवडा जाळ्याकडे जमा करायचा आणि साठ्यातून दुसरा उचलायचा. इंडियानापोलिसच्या जाळ्यानं या पद्धतीवरच आपला डोलारा उभा केला. मायामीच्या जाळ्यानं मात्र दुसरी वाटही खुली ठेवली: आधी मागणी नोंदवा, हवी ती जागा नक्की झाली तरच तुमचा आठवडा जाईल, तोवर तो तुमचाच. अट एवढीच, की प्रवास तुमच्या आठवड्याच्या तारखेआधी व्हायला हवा आणि मागणी त्या तारखेच्या किमान 60 दिवस आधी नोंदवलेली हवी. बेटावर जाणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. विमानाचं तिकीट काढावं लागतं, सुट्टी आधी मंजूर करून घ्यावी लागते आणि मागणी फसली तर निदान आपल्या ठिकाणचा आठवडा वापरता तरी येतो. जमा करून मोकळ्या झालेल्या माणसाला ती सोय नाही.

मोल ठरवायला दोघांनीही आधी रंग वापरले. एकाकडे लाल, पांढरा, निळा; दुसऱ्याकडे लाल, पिवळा, हिरवा. लाल म्हणजे सर्वाधिक मागणीचा काळ. डोंगराळ किंवा थंड प्रदेशात ही वर्गवारी उपयोगी पडायची. हवाई बेटांना मात्र बाराही महिने लाल रंग मिळाला, म्हणजे सांगायला तिथे रंगाकडे काहीच उरलं नाही. ख्रिसमसचा आठवडा लाल आणि सप्टेंबरातला निवांत आठवडाही लालच. खरा निवाडा व्हायचा तो रंगाआडच्या एका मापावर. त्याला ट्रेडिंग पॉवर म्हणत. त्यात ठिकाणची मागणी, उपलब्ध आठवडे, फ्लॅटचा आकार, पाहुण्यांनी भरून दिलेले शेरे आणि आठवडा किती आधी जमा केला, हे सगळं धरलं जाई. ते किती आहे हे सभासदाला सांगितलं जात नसे. फोनवर विचारलं तर उत्तर मिळायचं, ‘या मागणीसाठी तुमचा आठवडा पुरेसा नाही’. किती कमी पडतो हे गुलदस्त्यातच राहायचं.

याच काळात मालकी फिरायला लागली. मायामीचं जाळं 1992 साली सभासद-सवलतींच्या धंद्यातल्या एका कंपनीनं घेतलं. 1996 साली इंडियानापोलिसचं जाळं हॉटेल-फ्रँचायझीतल्या एका मोठ्या समूहाकडे गेलं. आणि 1997 मध्ये या दोन खरेदीदारांनीच विलीन व्हायचं ठरवलं. म्हणजे दोन्ही जाळी एका छताखाली येणार होती. अमेरिकेच्या स्पर्धा-नियामकानं डिसेंबर 1997 मध्ये अट घातली, की मायामीचं जाळं विकून टाका. ते व्यवस्थापक आणि गुंतवणूकदारांच्या गटाकडे गेलं.

वरवर पाहता हा निर्णय योग्यच वाटतो, पण त्यातली गोम बाजाराच्या व्याख्येत होती. नियामकानं पूर्ण सेवा देणारी जागतिक अदलाबदल हाच एक बाजार मानला. त्या मोजमापात लहान, स्वतंत्र जाळी धरलीच गेली नाहीत. हवाईपुरतं किंवा कॅलिफोर्नियापुरतं काम करणारी, सभासदत्वाची फी न घेणारी, रिसॉर्टशी करार न करता थेट मालकांचे आठवडे स्वीकारणारी ही जाळी. बेटांच्या बाबतीत नेमकी तीच कामाची होती, कारण त्यांच्याकडे येणारे आठवडे बेटांवरच्या मालकांचेच असत. दोन मोठ्यांत स्पर्धा राखली गेली, एवढं खरं. सभासदाला मोल कळावं किंवा जमा केलेल्या आठवड्याचं काय होतं ते कळावं, अशी कुठलीही अट त्यात नव्हती. पुढचा वाद त्याच मोकळ्या जागेत वाढला.

वाद भाड्याचा. जाळ्याच्या अटींत एक कलम होतं (आजही त्या धर्तीची कलमं असतात), की आठवडा एकदा जमा केला की त्यावरचा सभासदाचा हक्क संपला. जाळं तो कसाही वापरू शकतं, भाड्यानंही देऊ शकतं. सही करताना ते कोण वाचतं? सभासदांना जाग आली ती इंटरनेटमुळे. भाड्याच्या जागा वेबसाइटवर दिसू लागल्या आणि तक्रारींचा एक ठरावीक नमुना तयार झाला: कुआईच्या एका रिसॉर्टसाठी महिनोन्‌महिने रांगेत असलेल्या सभासदाला तेच रिसॉर्ट, त्याच आठवड्याला, सभासद नसलेल्यांसाठी रोख भाड्यानं उपलब्ध दिसायचं. काही वेळा ते भाडं देखभाल खर्च आणि अदलाबदलीची फी मिळून होणाऱ्या रकमेपेक्षाही कमी असायचं. म्हणजे वर्षभराचा देखभाल खर्च भरून, आठवडा जमा करून, वर फी देऊन सभासद जे मागत होता ते वाटेवरच्या माणसाला स्वस्तात मिळत होतं.

2006 साली न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयात इंडियानापोलिसच्या जाळ्याविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. आरोप असा, की चांगले आठवडे भाड्याकडे वळवले जातात आणि त्यामुळे अदलाबदलीचा साठा निकस होतो. जाळ्याची बाजूही पोकळ नव्हती. सभासद आठवडा जमा करून त्याबदल्यात क्रूझ किंवा विमान तिकिटावर सूट घेतात, तेव्हा ती सूट भरून काढायला आठवडा विकावाच लागतो. बिल्डरांनी दिलेले न विकलेले फ्लॅटही साठ्यात असतात. शिवाय न वापरलेला आठवडा तारीख उलटली की मातीमोल. हे सगळं पटण्यासारखं आहे, पण वळवलेल्या आठवड्यांइतक्याच तोलाचे आठवडे परत आले की नाही, हे तपासायला सभासदाकडे काहीच साधन नव्हतं. ट्रेडिंग पॉवर लपलेलीच होती. दावा तडजोडीत मिटला. गैरप्रकार झाला की नाही, यावर न्यायालयाचा निवाडा कधी आलाच नाही.

त्यानंतर 2010च्या अखेरीस त्याच जाळ्यानं ट्रेडिंग पॉवर उघड केली. प्रत्येक जमा आठवड्यासमोर आकडा आणि प्रत्येक उपलब्ध आठवड्यासमोरही आकडा. 28चा आठवडा जमा करून 19चा उचलला तर 9 शिल्लक राहतात. अशा शिलका, वेगळी फी भरून, एकत्रही करता येतात. पूर्ण मोल हवं असेल तर नऊ महिने आधी जमा करायचं. त्यानंतर मोल घसरत जातं. मायामीच्या जाळ्यानं हा मार्ग धरला नाही. तिथे प्रदेशनिहाय मागणीचा निर्देशांक प्रसिद्ध होतो, 100 म्हणजे सरासरी. पण तो त्या प्रदेशातला तो आठवडा किती मागणीचा आहे एवढंच सांगतो, तुमच्या फ्लॅटचं वजन सांगत नाही. पारदर्शकतेत इंडियानापोलिस पुढे आणि सुरक्षिततेत मायामी, असं म्हणायला हरकत नाही. अर्थात पारदर्शकता दाव्यानंतर आली, हे विसरता कामा नये.

यश किती मिळतं याचा अधिकृत आकडाही आहे. फ्लोरिडाच्या टाइमशेअर कायद्यानुसार जाळ्यांना दरवर्षी प्रकटन-पत्र, म्हणजे आपल्या कारभाराची माहिती उघड करणारं पत्रक, काढावं लागतं आणि त्यात नक्की झालेल्या अदलाबदलींची टक्केवारी असते. ती सहसा नव्वदीच्या पुढे असते. विक्रेते ती आनंदानं वाचून दाखवतात. तिच्याशेजारीच कायद्यानं घालायला लावलेलं वाक्य असतं: ही टक्केवारी नोंदलेल्या मागण्यांचा गोषवारा आहे, एखादी विशिष्ट पसंती मिळण्याची शक्यता ती दाखवत नाही. फेब्रुवारीत अरुबा मागणारा माणूस शेवटी ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला राजी झाला, तर तोही नक्की झालेल्यांतच मोजला जातो.

बेटांवर हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण आठवडेच मोजके. बीचला लागून आणखी जागा निर्माण करता येत नाही आणि तिथला मालक सहसा स्वतः जातो किंवा भाड्यानं देतो. त्यात 2010 पासून हॉटेल ब्रँडांनी आपापल्या रिसॉर्टांचे गुणांवर (पॉइंटवर) चालणारे अंतर्गत क्लब वाढवले. माउईचा मालक हवाईतल्याच ओआहू बेटावर जायला आता जाळ्यात येतच नाही, क्लबमध्येच बदल करून घेतो. बाहेर झिरपतो तो उरलेला माल, आणि त्यावरही त्याच ब्रँडच्या इतर मालकांना काही दिवसांचा अग्रहक्क असतो. ब्रँड कोणत्या जाळ्यात आहे हे म्हणूनच यादीतल्या एकूण संख्येपेक्षा महत्त्वाचं. तेही कायमचं नसतं. करमणूक क्षेत्रातल्या एका बड्या कंपनीचा क्लब 2009 मध्ये मायामी सोडून इंडियानापोलिसकडे गेला आणि 2022 मध्ये परत आला. ओआहूवरचं त्यांचं 2011 साली उघडलेलं रिसॉर्टही सोबत इकडून तिकडे झालं. 2018 मध्ये मायामीचं जाळं स्वतःच एका हॉटेल ब्रँडच्या टाइमशेअर कंपनीच्या ताब्यात गेलं. इंडियानापोलिसचं तर आधीपासूनच टाइमशेअर विकणाऱ्यांच्या घरात आहे. 1997 साली वेगळी ठेवलेली दोन्ही जाळी आज विक्रेत्यांच्या मालकीची आहेत.

वादळं आणि साथी यांचा हिशेब वेगळा. सप्टेंबर 1992 मध्ये इनिकी वादळानं कुआईवरची रिसॉर्टं मोडली, सप्टेंबर 2017 मध्ये इरमा वादळानं कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटावरची. अशा वेळी जाळं पर्याय शोधतं, पण त्याच तोलाचा देण्याची हमी कोणीच देत नाही. मार्च 2020 मध्ये हवाईनं बाहेरून येणाऱ्यांना 14 दिवसांचं विलगीकरण सक्तीचं केलं. सात दिवसांच्या अदलाबदलीला त्यानंतर अर्थच उरला नाही. ऑक्टोबरात चाचणीचा पर्याय येईपर्यंतचे आठवडे फुकट गेले. जाळ्यांनी जमा आठवड्यांची मुदत वाढवून दिली. ते योग्यच, पण त्याचा परिणाम असा झाला की पुढची दोन-तीन वर्षं वाढीव मुदतीचे हक्क घेऊन जास्त माणसं तेवढ्याच जागांमागे लागली.

खर्चाचं बोलायचं तर फीची तुलना करून भागत नाही. हवाईत 1999 पासून टाइमशेअरच्या वास्तव्यावर कर आहे, सुरुवातीला 7.25 टक्के. तो दैनिक देखभाल खर्चाच्या निम्म्या रकमेवर धरतात आणि दर पुढे दोन आकडी झाला. पुष्कळ रिसॉर्टं तो अदलाबदलीनं आलेल्या पाहुण्याकडून काउंटरवर घेतात. कॅरिबियनमधल्या काही रिसॉर्टांत जेवणाखाण्याचं पॅकेज माणशी सक्तीचं असतं. तो आकडा अदलाबदलीच्या फीच्या कितीतरी पट होतो. काही ठिकाणी चार वर्षांत एकदाच येता येतं. ही सगळी माहिती जाळ्याच्या वेबसाइटवर रिसॉर्टच्या पानाच्या तळाशी, छोट्या अक्षरांत असते.

स्पेनच्या कॅनरी बेटांचा इतिहास निराळा. तिथे स्पेनच्या 1998च्या कायद्यानं नव्या करारांना 50 वर्षांची कमाल मर्यादा घातली, आणि 2015 मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानं कायमस्वरूपी करार अवैध ठरवले. कॅनरीतल्या तेनेरिफे बेटावर दाव्यांची लाट आली. युरोपीय संघाच्या 2008च्या निर्देशानं अदलाबदलीच्या करारांनाही 14 दिवसांत माघार घेण्याची मुभा दिली. अमेरिकेत खरेदीनंतर माघारीचा अवधी राज्यागणिक बदलतो.

शेवटच्या क्षणी मिळणाऱ्या आठवड्यांचं आकर्षण दोन्हीकडे आहे. मायामीच्या जाळ्यात प्रवासाला 59 दिवस किंवा कमी उरले की मोलाचे निकष सैलावतात आणि साधा आठवडाही बेटावर पोहोचवू शकतो. गाडीनं जाता येईल अशा ठिकाणी हा सौदा उत्तम. बेटावर मात्र दोन महिन्यांच्या आतलं विमानभाडं वाचवलेले पैसे बहुधा खाऊन टाकतं. त्यामुळे तिथे तारखा लवचीक ठेवून, दीड-दोन वर्षं आधी मागणी नोंदवून थांबणारेच जास्त यशस्वी होतात, आणि तेवढा काळ आपला आठवडा हातात ठेवून थांबता येणं ही सोय सध्या एकाच मोठ्या जाळ्यात आहे.