डिजिटल सातबारा

डिजिटल सातबारा म्हणजे शेतजमिनीचा तोच आपला जुना सातबारा उतारा, फक्त तलाठ्याच्या हाताच्या सहीऐवजी त्यावर डिजिटल सही असते आणि तो १५ रुपये ऑनलाईन भरून घरबसल्या निघतो. महाराष्ट्रात ही सोय १ मे २०१८ ला सुरू झाली. महाभूलेख या सरकारी साईटवर त्याआधीपासून सातबारा बघता यायचाच, पण तो नुसता बघण्यापुरता, बँकेत किंवा कोर्टात चालायचा नाही. डिजिटल सहीचा चालतो, वेगळा शिक्का मारून आणावा लागत नाही.

नाव सातबारा का, तर गावाच्या महसुली दप्तरात १ ते २१ असे गाव नमुने असतात. त्यातला नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) किती, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, कुळाचं नाव आहे का. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच कागदावर, वर सात खाली बारा. वर्ग २ असेल तर जमीन परस्पर विकता येत नाही, परवानगी लागते, आणि घेणारे नेमकं हेच वाचायचं विसरतात. एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या गटांची (म्हणजे नंबर दिलेल्या जमिनींची) यादी हवी असेल तर ती ८अ च्या उताऱ्यावर मिळते, सातबाऱ्यावर नाही.

कागदावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं आणि बोलताना सगळे एकर-गुंठ्यात बोलतात, तिथे नवख्या माणसाचा गोंधळ ठरलेला. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, दोघांत फरक अगदी थोडा. हे १०८९ कुठून आलं तर इंग्रजांच्या काळात मोजणीची साखळी ३३ फुटांची असायची, ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळी कधीच गेली, हिशोब तिचाच चालू आहे.

आधी उतारा काढायचा म्हणजे भाऊसाहेब (तलाठ्याला गावात हेच म्हणतात, सरकारने आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं तरी) कोणत्या दिवशी कोणत्या गावात बसतात ते विचारायचं, कारण एका सज्जात (तलाठ्याच्या हद्दीत) दोन-चार गावं, मग तिथे जायचं, मग कळायचं की ते तहसीलला मीटिंगला गेलेत. ही चक्कर वाचली हा डिजिटल सातबाऱ्याचा खरा आणि मोठा फायदा, बाकी काही म्हणा.

पण कॉम्प्युटरमध्ये गेलं ते हाताने लिहिलेल्या वह्यांवरूनच. अक्षर लागत नव्हतं तिथे टायपिंग करणाऱ्याने अंदाज मारला, गणपतचा गणपती झाला, कुणाचं आडनाव गळलं, कुठे सगळ्या हिस्सेदारांचं क्षेत्र मिळवलं तर गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळेना. मग एडिट आणि री-एडिट नावाच्या सोयी देऊन दुरुस्त्या झाल्या आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, म्हणजे उतारे लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याची चूक असेल त्याने तिथेच सांगायचं. संगणकाची चूक सापडायला शेवटी चावडीच लागली, हे मला फार आवडतं. तरीही राहिलेल्या लेखनाच्या चुकांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा असतो, आणि तो काही दोन मिनिटांत होत नाही.

सातबारा बदलतो तो फेरफारने, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीने, त्याची वही म्हणजे नमुना ६. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की त्याची माहिती ई-फेरफार या ऑनलाईन सोयीतून तलाठ्याकडे आपोआप जाते, वारस नोंदीला मात्र स्वतः अर्ज करावा लागतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस, कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नाव चढतं.

आता एक गैरसमज. सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे मालकी पक्की, असं नाही. हा कागद मुळात शेतसारा गोळा करायला केलेला, त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, एवढंच कायदा म्हणतो. मालकीचा वाद कोर्टात गेला की खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार सगळं काढावं लागतं. आणि बांधाचं भांडण तर सातबाऱ्याने मिटतच नाही, कारण त्यात क्षेत्र लिहिलेलं असतं, बांध नेमका कुठे ते नसतं, त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे पैसे भरून मोजणी आणावी लागते.

खालच्या बारा नंबरचं वेगळंच झालं. पूर्वी पीकपेरा तलाठी लावायचा, कधी शेतात जाऊन, कधी मागच्या वर्षीचं बघून. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो घालायचा. हमीभावाने तूर-सोयाबीन घालायचं असो की नुकसानभरपाई, ही नोंद आता बघितली जाते. कल्पना चांगलीच आहे, पण डोंगरातल्या शेतात रेंज नसते, म्हाताऱ्या माणसाकडे स्मार्टफोन नसतो, सर्व्हर डाऊन असतो, आणि नोंद राहिली तर काम आधी तलाठ्याचं होतं आणि चूक आता शेतकऱ्याची ठरते.

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतोच. त्यांच्यासाठी ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायची स्वामित्व योजना केंद्राने २४ एप्रिल २०२० ला आणली. शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात प्रॉपर्टी कार्ड चालतं.

गोव्यात सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक आणि चौदा असतो, आकडे वेगळे पण काम तेच. कर्नाटकात भूमी प्रकल्पाने २००० च्या सुमारासच उतारे कॉम्प्युटरवर आणले, म्हणजे आपल्याआधी बरीच वर्षं, फक्त तो उतारा कन्नडमध्ये निघतो, त्यामुळे बेळगाव भागातल्या मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद पुष्कळदा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.