गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील एमआरआय तपासणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान बायॉप्सीने होते. रोग कुठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी त्यानंतर ओटीपोटाचा एमआरआय करतात. शस्त्रक्रिया करायची की केमोथेरपीसह किरणोपचार द्यायचे, हा निर्णय बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतो.

या रोगाच्या अवस्था, म्हणजे तो किती पसरला आहे हे सांगणाऱ्या पहिली ते चौथी अशा पायऱ्या, 'फिगो' ही स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. रुग्णांची मोठी संख्या गरीब देशांत असल्यामुळे अनेक दशके अवस्था मुख्यतः हाताने तपासूनच ठरवली जाई. भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे. २०१८ च्या सुधारणेत एमआरआयसारख्या तपासण्यांना अवस्था ठरवण्यात अधिकृत स्थान मिळाले. मात्र त्या सक्तीच्या केल्या नाहीत. जिथे यंत्रच नाही तिथल्या स्त्रीचे उपचार त्यापायी अडू नयेत, म्हणून हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

सीटी स्कॅनमध्ये गाठ आणि आसपासच्या ऊती बऱ्याचदा सारख्याच दिसतात. एमआरआयच्या टी-२ या प्रकारच्या प्रतिमेत मात्र गर्भाशयमुखाचा तंतुमय भाग काळ्या कड्यासारखा दिसतो आणि गाठ त्याहून उजळ. हे कडे सगळीकडून अखंड असेल, तर रोग बाजूच्या ऊतीत, म्हणजे पॅरामेट्रियममध्ये, शिरलेला नाही असे बऱ्याच खात्रीने सांगता येते. बोटांनी केलेल्या तपासणीत नेमकी हीच गोष्ट निसटते. कडे तुटून गाठ बाहेर डोकावत असेल तर अवस्था २-बी ठरते आणि सहसा शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार दिले जातात. कडे नीट दिसावे म्हणून गर्भाशयमुखाच्या अक्षाला काटकोनात पातळ छेदांच्या प्रतिमा घ्याव्या लागतात. सरधोपट आडव्या छेदांत गाठ बाहेर पडल्याचा भास होऊ शकतो.

गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान आहे, २ ते ४ च्या दरम्यान आहे की ४ किंवा अधिक, यावरून पहिल्या अवस्थेतील १-बी गटाचे तीन भाग पडतात. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीमध्ये गर्भाशय राखून फक्त गर्भाशयमुख काढता येईल का, हे ठरवताना गाठीपासून गर्भाशयाच्या आतल्या तोंडापर्यंतचे अंतरही मोजतात. मूत्रवाहिनी दबून मूत्रपिंड फुगले असेल, तर इतर कारण नसल्यास अवस्था ३-बी होते. मूत्राशयाच्या अस्तराला नुसती सूज असेल तर ती चौथी अवस्था धरत नाहीत. शंका आल्यास दुर्बिणीने पाहून तुकडा तपासतात.

लसिकाग्रंथींच्या बाबतीत एमआरआय कमी पडतो. ग्रंथीचा अंदाज तो मुख्यतः आकारावरून बांधतो, त्यामुळे लहान ग्रंथीतला रोग सुटू शकतो. वाढलेल्या रोगात म्हणूनच पेट-सीटीची, म्हणजे पेशी किती साखर वापरतात हे दाखवणाऱ्या स्कॅनची, जोड घेतात.

तपासणीआधी काही तास उपाशी राहायला सांगतात आणि आतड्यांची हालचाल मंदावणारे इंजेक्शन देतात. बायॉप्सीनंतर लगेच एमआरआय केल्यास तिथली सूज गाठीसारखी दिसू शकते, म्हणून शक्य असल्यास काही दिवस थांबतात. किरणोपचारानंतरही हीच अडचण येते. घाईने केलेल्या तपासणीत सूज आणि उरलेली गाठ यांतला फरक करणे कठीण असते, म्हणून उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी साधारण तीन महिने जाऊ देतात.