पीएम स्वनिधी: फेरीवाल्यांचे अर्ज नेमके कुठे अडकतात

हातगाडी, पथारी, भाजीचा ठेला, चहाची टपरी, चपला शिवणारे, सगळ्यांसाठी ही केंद्र सरकारची कर्ज योजना आहे. 2020 च्या जूनमध्ये लॉकडाऊनच्या दणक्यानंतर सुरू झाली, तारण लागत नाही. पहिलं कर्ज आता 15 हजार (आधी 10 होतं), ते फेडलं की 25 हजार, मग 50 हजार.

सगळ्यात आधी एक गैरसमज. जुनी मुदत डिसेंबर 2024 ला संपली होती, तेव्हापासून "योजना बंद झाली" हेच लोकांच्या डोक्यात बसलंय आणि काही ठिकाणी काउंटरवरचा माणूसही तेच सांगून परत पाठवतो. बंद नाहीये. 2025 च्या ऑगस्टमध्ये नव्याने मंजुरी मिळाली आणि कर्जवाटप 31 मार्च 2030 पर्यंत चालणार आहे. पण म्हणून 2030 ची वाट बघू नका, तीन टप्पे फेडत फेडत जायचे तर पहिलं कर्ज लवकर घेतलेलं बरं, कारण पहिलंच साधारण वर्षभर चालतं आणि पुढची त्याहून लांब.

आता खरी अडचण. फेरीवाला असल्याचा पुरावा. पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल तर प्रश्नच नाही, पण ते असतं किती जणांकडे? फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा, त्यानुसार पाच वर्षांतून एकदा तरी फेरीवाल्यांचा सर्वे व्हायला हवा, आणि सर्वेवाले आले त्या दिवशी तुम्ही गावाला गेलेला असलात की यादीतून नाव गायब. अशांसाठी शिफारस पत्राची सोय आहे, सर्वेत सुटलेले, नंतर धंदा सुरू केलेले आणि शहरालगतच्या गावातून येऊन विकणारे या सगळ्यांना ते मिळू शकतं. योजनेच्या पोर्टलवरूनच मागायचं, मग पालिकेने साधारण 15 दिवसांत चौकशी करून द्यायचं असं नियमात आहे. नियमात. प्रत्यक्षात वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारत राहावं लागतं, आणि विचारायला जाताना अर्ज क्रमांक लिहून न्या, नाहीतर "कुठला अर्ज?" इथूनच सुरुवात होते.

सोबत काय जोडायचं? फेरीवाला संघटनेचं सभासदत्व, पालिकेच्या वसुलीच्या जुन्या पावत्या, लॉकडाऊनमध्ये मदत मिळाली असेल तर तो कागद. पावत्या लोक रोज फाडून टाकतात हो, कृपा करून टाकू नका, एका पिशवीत ठेवा. यातलं काहीच नसेल तर साध्या कागदावर अर्ज देऊन जागेवर येऊन चौकशी करा अशी विनंती करता येते, हे कोणी आपणहून सांगत नाही.

आणि एक, शिफारस पत्र म्हणजे परवाना नव्हे. ते दाखवलं म्हणून अतिक्रमणवाल्यांची गाडी परत जाणार नाही.

दुसरी अडचण आधारला जोडलेला मोबाईल नंबर. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि आपल्या लोकांचे नंबर दर रिचार्जला बदलतात. कित्येक बायकांच्या आधारला मुलाचा नाहीतर नवऱ्याचा बंद पडलेला नंबर असतो. नंबर आधार केंद्रात जाऊन बदलून घेता येतो, म्हणून अर्जाच्या आधी हे काम उरका. बँक पासबुकवरचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं आहे ना तेही तेव्हाच बघून घ्या.

बाकी अर्ज पोर्टलवर स्वतः भरता येतो नाहीतर सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं केंद्र). प्रोसेसिंगच्या नावाखाली बँकेत कोणी पैसे मागितले तर देऊ नका, या कर्जाला तशी फी नाही.

व्याजाचं नीट समजून घ्या, कारण नंतर भांडणं इथेच होतात. कर्ज बिनव्याजी नाही. बँक तिच्या दराने व्याज लावते, हप्ता पूर्ण भरायचा, आणि 7 टक्क्यांची सबसिडी नंतर तिमाहीने खात्यात येते, तीही हप्ते वेळेवर असतील तरच. खातं थकलं की सबसिडीही जाते आणि पुढचं कर्जही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. यूपीआयवर पैसे घेतले तर कॅशबॅक मिळतो, आणि दुसरं कर्ज वेळेवर फेडणाऱ्यांना आता यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही मिळू शकतं, पण ते घ्यायचंच असं काही नाही, सोयीचं वाटलं तरच घ्या.