कासवाचा पाला

कासवाचा पाला : जमिनीवरच्या पाळीव कासवाला कच्चा खाऊ घालायचा हिरवा चारा. यात गवत, रानभाज्या, बाजारातल्या पालेभाज्या अन् काही झाडांची पानं सगळं आलं. टाकीत पोहणारं लाल कानाचं कासव यात धरलेलं नाही, त्याचं खाणं वेगळं. नागपुरात पाला मिळणं कठीण नाही, सकाळी कॉटन मार्केटला जुड्यांचे ढीग लागलेले असतात, अडतं ते त्यातलं काय उचलायचं इथे.

कायद्याचं आधीच सांगितलेलं बरं. आपलं तारा कासव म्हणजे स्टार टॉरटॉइज वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, २०१९ पासून सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्येही आहे, ते घरी पाळता येत नाही. घरात असेलच तर वनविभागाला कळवावं, सेमिनरी हिल्सला त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. पुढचं सगळं मुख्यतः सुलकाटासारख्या (आफ्रिकेतलं मोठं जमिनीवरचं कासव) परदेशी कासवाला धरून आहे, अन् त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

सगळ्यात जास्त वाद पालकाचा. कागदावर पालक उत्तम दिसतो, १०० ग्रॅममध्ये साधारण ९९ मिलिग्रॅम कॅल्शियम अन् ४९ मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे दोनास एक, कवचाला हवं तेच प्रमाण. पण पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, ते कॅल्शियमला धरून बसतं अन् न विरघळणारं कॅल्शियम ऑक्झॅलेट होतं. माणसांवरच्या १९८८ च्या एका प्रयोगात दुधातलं कॅल्शियम २७ टक्क्यांच्या आसपास शोषलं गेलं, पालकातलं जेमतेम ५ टक्के. यावरून एक मत असं की पालक, चाकवत, आंबट चुका, राजगिरा कासवाला अजिबात नको. दुसरं मत असं की रानातली कासवं असलीच तणं खातात, त्यांच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू ऑक्झॅलेट काही अंशी मोडतात, शिवाय कासवाच्या मूत्राशयातले खडे बहुतेक युरेटचे, म्हणजे युरिक आम्लाच्या क्षाराचे असतात, त्याचं कारण पाण्याची कमतरता हेच जास्त. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, फक्त एक अट, रोज तीच एक भाजी नको. आठवड्यातून एकदा चार पानं पालक वेगळा अन् स्वस्त मिळाला म्हणून महिनाभर नुसता पालक वेगळा, दुसऱ्या प्रकारात कवच मऊ पडलेलं पिल्लू डॉक्टरकडे न्यायची वेळ येते.

चिवळीचा घोळ नावापासूनच सुरू होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे बारीक पानांची, जमिनीला चिकटून पसरणारी चिवळ येते, तिला शास्त्रीय नावाने बहुतेक पोर्टुलाका क्वाड्रिफिडा मानतात, अन् जाड मोठ्या पानांची घोळ म्हणजे पोर्टुलाका ओलेरेसिया. काही जण दोन्हीला एकच नाव देतात, त्यामुळे परदेशी यादीतलं ‘पर्सलेन’ हे या गटाचं इंग्रजी नाव वाचून नेमकं काय आणायचं ते कळत नाही. घोळीत ऑक्झॅलेट पालकाइतकं किंवा जास्तच असतं, चिवळही त्याच घराण्यातली, म्हणून दोन्ही तोंडी लावण्यापुरत्या.

रोजच्यासाठी हरळीसारखं गवत, जास्वंदीची अन् तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला कॅल्शियमला चांगला. मेथी, सांभार (कोथिंबीर) अधूनमधून. कोबी-फुलकोबीच्या पानांनी थायरॉइडवर ताण येतो, कमीच बऱ्या. कासवाला दात नसतात, जास्वंदीचं पान पुढच्या पायाखाली दाबून चोचीने मान मागे ओढत ते तुकडा तोडतं, म्हणून पाला बारीक चिरून देऊ नये, ओढायला काहीतरी राहू द्यावं. वरून कॅल्शियमसाठी समुद्रफेस किसून टाकतात, तो आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात मिळतो.

कवचावर उंचवटे आले की लोक जास्त प्रथिनांना, म्हणजे डाळी-पनीरला दोष देतात. २००३ मध्ये वीझनर अन् इबेन यांनी सुलकाटा पिल्लांवर केलेल्या अभ्यासात मात्र कोरडी हवा हे मोठं कारण निघालं, प्रथिनांचा परिणाम किरकोळ होता. मे महिन्यात ४५ अंशांत अन् कोरड्या हवेत राहणाऱ्या नागपूरकरांनी हे मनावर घ्यावं : पाला ओलाच द्यावा, पिल्लाला कोमट उथळ पाण्यात बसवावं. ऊन सकाळचं, अन् काचेतून आलेलं नको, काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते अन् त्यांच्याशिवाय कॅल्शियम शोषायला लागणारं डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कितीही कॅल्शियम घाला.

बेशरम, गाजरगवत, कण्हेर, घाणेरी विषारी, नाल्याकाठचा चारा कापताना यातलं एखादं पान सहज मिसळतं. अळूत सुईसारखे स्फटिक असतात, कच्चं नकोच. तरोटा (टाकळा) आपण पावसाळ्यात आवडीने खातो पण त्यातल्या अँथ्राक्विनोनमुळे पोट सुटतं, कासवाला टाळलेला बरा.

बाजारची जुडी सोडून, माती झडेपर्यंत दोन-तीन पाण्यांत धुवावी, फवारणीचा वास आला तर टाकून द्यावी. नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीला आधीच औषध मारलेलं असू शकतं, त्यामुळे आणल्या आणल्या तिची पानं देऊ नयेत, जुनी काढून टाकावी अन् घरी नवीन पालवी चांगली फुटू द्यावी.