संगणक शिक्षण, शालेय

शाळेच्या वेळापत्रकात स्वतंत्र तास ठेवून विद्यार्थ्यांना दिले जाणारे संगणकाचे शिक्षण. त्याचे स्थूलमानाने तीन भाग पडतात : यंत्र चालवणे, त्यावर मजकूर, चित्र वा आज्ञावली तयार करणे, आणि गोळा केलेली माहिती नोंदवून, लावून, तपासून तिच्यातून उत्तर काढणे. पहिल्या दोन भागांवर अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके यांनी भर दिला. तिसरा भाग, म्हणजे माहितीची हाताळणी, बहुधा शेवटच्या प्रकरणात उरकला जातो. प्रस्तुत नोंदीत त्याला मुद्दाम अधिक जागा दिली आहे. विवेचन भारतापुरते, आणि तपशिलात मुख्यतः महाराष्ट्रापुरते आहे.

आरंभ : भारतातील शालेय संगणक शिक्षणाचा आरंभ सामान्यतः ‘क्लास’ या केंद्र शासनाच्या प्रायोगिक प्रकल्पापासून मानतात. हे नाव ‘कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स’ या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे. प्रकल्पाचे वर्ष कोठे १९८४, तर कोठे १९८५ असे दिलेले आढळते. लोकप्रिय लेखनात त्याचे श्रेय राजीव गांधी यांच्या संगणक धोरणाला दिले जाते. परंतु ते पंतप्रधान झाले ते १९८४ च्या ऑक्टोबरअखेर, आणि यंत्रांची निवड, शाळांची यादी, शिक्षकांचे प्रशिक्षण ही पूर्वतयारी पाहता प्रकल्पाची आखणी त्याआधी झाली असावी. त्यामुळे १९८४-८५ हे शैक्षणिक वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या तुकडीतील शाळांची संख्या २४८ किंवा ‘सुमारे २५०’ अशी येते. हा फरक बहुधा पूर्णांकात लिहिण्याच्या सवयीतून आला असावा. संगणक त्याआधीही काही मोजक्या खासगी शाळांत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र एकाच आराखड्याने अनेक राज्यांत राबवलेला पहिला उपक्रम म्हणून ‘क्लास’चे स्थान सहसा मान्य केले जाते.

या प्रकल्पासाठी इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक निवडण्यात आला. तो १९८१ च्या अखेरीस बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी बाजारात आला होता. त्याची स्मृती ३२ किलोबाइट होती आणि रंगीत चित्रांच्या काही पडदा-प्रकारांत त्यांपैकी २० किलोबाइट केवळ पडद्यालाच लागत. केवळ अक्षरे दाखवणाऱ्या एका प्रकारात मात्र सुमारे १ किलोबाइट पुरे. उरलेल्या जागेत एका वर्गाच्या गुणांची यादी आणि ती लावणारी बेसिक भाषेतील छोटी आज्ञावली सहज मावत असे. म्हणजे माहितीच्या हाताळणीला यंत्राची मर्यादा आड येत होती असे म्हणता येत नाही. अडचण दुसरीकडे होती. सोबतचे कार्यक्रम बहुतांशी इंग्लंडमधील वर्गांसाठी तयार झालेले, इंग्रजी भाषेतले होते. शिक्षकांचे प्रशिक्षण अल्प मुदतीचे होते. आणि संगणक हा कोणत्याच विषयाच्या परीक्षेचा भाग नव्हता. यंत्रांची जुळणी पुढे मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी उपक्रमाने परवान्याखाली केली. शाळांना आधार देण्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालये व विद्यापीठे यांत संसाधन केंद्रे नेमली होती.

आठव्या पंचवार्षिक योजनेत (१९९२-९७) प्रकल्पाचे केंद्र पुरस्कृत योजनेत रूपांतर झाले. जुन्या बीबीसी मायक्रो शाळांना वार्षिक अनुदान आणि नव्या शाळांना यंत्रखरेदीसाठी एकरकमी रक्कम अशी तरतूद शासकीय अहवालांत दिसते. एव्हाना बाजारात आयबीएम पद्धतीचे पीसी रूढ झाले होते आणि बीबीसी मायक्रोचे सुटे भाग मिळणे अवघड झाले होते.

योजनांचा विस्तार : १९९८ मध्ये माहिती तंत्रज्ञानासाठी नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाच्या शिफारशींनंतर शाळा पुन्हा धोरणाच्या केंद्रस्थानी आल्या. डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ (आयसीटी म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) ही योजना सुरू झाली, २०१० मध्ये ती सुधारली गेली आणि २०१८ पासून ती समग्र शिक्षा अभियानात विलीन आहे. सुधारित योजनेत प्रत्येक शाळेला किमान १० संगणकांची प्रयोगशाळा अभिप्रेत होती. साठ-सत्तरांच्या वर्गात याचा अर्थ एका यंत्राभोवती सहा-सात मुले असा होतो. त्यांतले एक माऊस धरते, दुसरे कळफलकावर असते आणि बाकीची मागे उभी राहून सूचना करतात. हे दृश्य भारतीय संगणक कक्षाचे इतके सार्वत्रिक आहे, की अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतील ‘विद्यार्थी पुढील कृती करेल’ हे वाक्य कोणत्या विद्यार्थ्याला उद्देशून आहे, असा प्रश्न पडतो.

महाराष्ट्रात ही योजना ‘बूट’ तत्त्वावर राबवली गेली : खासगी संस्थेने कक्ष उभारायचा, निदेशक पुरवायचा, ठरावीक वर्षे चालवायचा आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचा. कराराची मुदत संपली की यंत्रे शाळेकडे येत, निदेशक मात्र जात. त्यामुळे अनेक ठिकाणी कक्षाला कुलूप लागले आणि निदेशकांच्या सेवेचा प्रश्न आंदोलनांपर्यंत पोहोचला. शालेय शिक्षणातील ही उणीव राज्यात काही अंशी शाळेबाहेर भरून निघाली. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (स्थापना २००१) या संस्थेचा एमएस-सीआयटी हा प्राथमिक संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम शासकीय नोकरीसाठी ग्राह्य ठरल्यावर दहावीच्या सुट्टीत ‘एमएस-सीआयटी करून घेणे’ ही तालुक्याच्या गावापर्यंत रुळलेली प्रथा झाली. उच्च माध्यमिक स्तरावर द्विलक्षी अभ्यासक्रमातील संगणकशास्त्र (यात सी++ बरोबर ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक आजही भेटतो) आणि ऑनलाइन परीक्षेचा माहिती तंत्रज्ञान हा विषय असे दोन वेगळे मार्ग आहेत.

जिल्हा परिषद शाळांमध्ये वेगळा प्रवाह दिसतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील शाळेचे नाव डिजिटल शाळांच्या चळवळीत आरंभीचे म्हणून घेतले जाते. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब, एलईडी पडदे घेणाऱ्या शाळा झपाट्याने वाढल्या. तथापि, या साधनांवर मुले प्रामुख्याने धडे पाहतात. संगणक शिकणे आणि संगणकावरून शिकणे या भिन्न गोष्टी असून अहवालांत त्यांची गल्लत वारंवार होते.

माहितीची हाताळणी : बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत प्राथमिक वर्गांपासून चित्रालेख, मग स्तंभालेख, जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख आणि दहावीत आयतालेख, वारंवारता बहुभुज व वृत्तालेख असा सुसंगत क्रम आहे. हे सर्व आलेख कागदावर, पट्टी-पेन्सिलीने काढले जातात. त्याच शाळेच्या संगणक कक्षात स्प्रेडशीटचा (ओळी-रकान्यांच्या संगणकीय कोष्टकाचा) धडा होतो तेव्हा पुस्तकातील एखाद्या दुकानाचा काल्पनिक विक्रीतक्ता वापरतात. एकच विद्यार्थी दोन तासांना दोन वेगळ्या विषयांतून तोच आलेख काढतो, परंतु गणिताचे शिक्षक आणि संगणकाचे निदेशक यांची गाठ पडत नाही.

शाळेत वापरण्याजोगी माहिती मुबलक असते. वर्गाचा उंची-वजनाचा तक्ता हे त्याचे चांगले उदाहरण. त्याचे कोष्टक भरताना पुढील चुका जवळजवळ हमखास होतात आणि खरे शिक्षण त्या दुरुस्त करण्यात असते. उंचीच्या रकान्यात ‘१५२ सेमी’ असे लिहिले की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. सरासरीचे सूत्र त्याला गुपचूप वगळते आणि कोठेही चूक दाखवत नाही. मोजमापाच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलासमोर शून्य टाकले तर वर्गाची सरासरी खाली येते, जागा रिकामी सोडली तर येत नाही. फक्त नावांचा रकाना निवडून अकारविल्हे लावल्यास नावे हलतात, उंच्या जागच्या जागी राहतात आणि प्रत्येकाची उंची दुसऱ्याच्या नावे लागते. जन्मतारखेत ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर ठरते. बारा तारखेनंतरच्या नोंदी मात्र अमेरिकी मांडणीत तारीख म्हणून स्वीकारल्याच जात नाहीत, आणि मजकूर डावीकडे व तारीख उजवीकडे लागत असल्याने निम्मा रकाना डावीकडे, निम्मा उजवीकडे सरकलेला दिसतो. असा सरकलेला रकाना ओळखता येणे हे, प्रस्तुत नोंदकाराच्या मते, मेनूतील आज्ञांची नावे पाठ असण्यापेक्षा मोलाचे कौशल्य आहे.

ओळख क्रमांकांचा प्रश्न स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. शाळेचा यू-डायस (शालेय माहितीची राष्ट्रीय प्रणाली) क्रमांक ११ अंकी, आधार १२ अंकी आणि राज्याच्या ‘सरल’ प्रणालीतील विद्यार्थी क्रमांक १९ अंकी. एक्सेल या स्प्रेडशीट कार्यक्रमाच्या नेहमीच्या मांडणीत ११ अंकांपर्यंतची संख्या जशीच्या तशी दिसते. १२ अंकी संख्या घातांकाच्या रूपात दिसू लागते, पण आत ती पूर्ण असते. पंधरा अंकांपलीकडचे अंक मात्र शून्य होतात आणि ते परत मिळत नाहीत. म्हणजे ‘सरल’ क्रमांकाचे शेवटचे चार अंक ‘००००’ होऊन वेगवेगळी मुले एकाच क्रमांकाची भासू शकतात. उपाय साधा आहे : टंकनापूर्वी रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवणे. ज्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही ती संख्या नव्हे, हा नियम आठवीच्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत समजतो.

देवनागरीतील क्रमवारी : मराठी नावांची यादी लावताना आणखी एक पेच येतो. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक सांकेतिकता येण्यापूर्वी राज्यातील बहुसंख्य मराठी टंकन फाँट-आधारित सांकेतिकतेत होई. तीत अक्षराचा नव्हे तर त्याच्या आकाराचा संकेत साठवला जाई. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते म्हणून तिचा संकेतही आधी येई. परिणामी किरण, निशा, विजय ही नावे वेलांटीच्या संकेताखाली एकत्र गोळा होत. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही प्रमाण सांकेतिकता (आयएस १३१९४, १९९१) हा दोष टाळणारी होती. १९८६ मध्ये प्रमाणित झालेला इनस्क्रिप्ट कळफलकही उच्चारक्रमाने टंकन करतो. युनिकोडची देवनागरी रचना बव्हंशी इस्कीवर बेतलेली असून वेलांटीचा प्रश्न तीत उरलेला नाही.

दोन प्रश्न मात्र उरले. युनिकोडमध्ये ‘ळ’चे स्थान ‘ल’नंतर लगेच आहे, मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर आहे. संकेतांच्या क्रमाने लावल्यास काळे, कावरे, कासार असा क्रम येतो. वर्णमालेनुसार तो कावरे, कासार, काळे असा हवा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे म्हणून साठवली जात असल्याने क्षीरसागर हे आडनाव ‘क’च्या शेवटी, खरातांच्या आधी येते, शाळेत शिकलेल्या वर्णमालेप्रमाणे ते यादीच्या तळाशी असावे. याबाबत कोशकारांतही एकवाक्यता नाही. काही कोश ‘क्ष’ला ‘क’खाली घेतात, काही शेवटी वेगळे ठेवतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पहिली पद्धत बरोबर, तर मुलांच्या दृष्टीने दुसरी सोयीची आहे. पटावरील यादीसाठी दुसरी स्वीकारायला हरकत नसावी. कार्यक्रमागणिक मराठी क्रम पाळला जाईलच असे नसल्याने यादी लावून झाल्यावर ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांवर एक नजर टाकावी लागते. देवनागरी अंकांचेही तसेच : काही कार्यक्रम ‘४५’ला संख्या मानतात, काही मजकूर.

अभ्यासक्रमातील बदल : इंग्लंडमध्ये आयसीटी हा विषय कार्यालयीन कार्यक्रमांपुरता उरला अशी टीका होऊन सप्टेंबर २०१४ पासून त्याच्या जागी ‘कॉम्प्युटिंग’ आले. भारतात एनसीईआरटीच्या आयसीटी अभ्यासक्रमाने विशिष्ट कंपनीच्या कार्यक्रमांऐवजी मुक्त सॉफ्टवेअरवर भर दिला. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सीएसपाठशाळा हा उपक्रम (२०१६) संगणकीय विचारपद्धती यंत्राविना, कागद, पत्ते आणि खेळ यांतून शिकवतो. संगणक नसलेल्या शाळांना हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंग सुचवले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून नववीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नंतर डेटा सायन्स हे कौशल्य विषय आणले. त्यांच्या नव्या पुस्तकांतही नोंदी स्वच्छ करण्याचे प्रकरण आलेखांच्या मानाने लहानच आहे.

साधनांची उपलब्धता : २०१७-१८ च्या ७५ व्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला. ग्रामीण भागात हे प्रमाण ४.४ टक्के होते. यू-डायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२४ मध्ये १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आजचे मूल कळफलकाआधी स्पर्शपडदा शिकून येते. फाइल कोठे साठवली जाते, फोल्डर म्हणजे काय, हे पूर्वी गृहीत धरलेले प्रश्न त्यामुळे पुन्हा पहिल्या धड्यात घ्यावे लागत आहेत. शाळेतील उपलब्ध यंत्राचा काही वेळ ‘सरल’, यू-डायस आणि संचमान्यतेच्या (पटसंख्येनुसार शिक्षकपदे ठरवण्याच्या) ऑनलाइन नोंदींसाठीही जातो.

इतर राज्ये : केरळचा आयटी ॲट स्कूल प्रकल्प (२००१) सर्वाधिक अभ्यासला गेलेला आहे. तेथे आयसीटी हा दहावीच्या परीक्षेचा विषय असून तिच्यात यंत्रावरील प्रात्यक्षिक असते. वापर जीएनयू/लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा आहे, आणि २०१७ मध्ये प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. गोव्यात नव्वदीच्या दशकात परदेशस्थ गोवेकरांच्या मदतीने वापरलेले संगणक शाळांना देण्याचा स्वयंसेवी प्रयत्न झाला होता. २०२१ पासून तेथे माध्यमिकपूर्व वर्गांसाठी कोडिंग व रोबोटिक्सची राज्य योजना सुरू आहे.