माप घेण्यापूर्वी आम्ही एवढे प्रश्न का विचारतो
बधिर पायांसाठी पादत्राणे करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोंड्यातील आमच्या कार्यशाळेत चप्पल करून घ्यायला आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी मधुमेह, मद्यपान, चालू औषधे, अंगावरील चट्टे आणि कामाच्या वेळची बैठक यांविषयी विचारतो. चपलेसाठी एवढी चौकशी कशाला, असा प्रश्न बहुतेकांच्या चेहऱ्यावर दिसतो, म्हणून हे पत्रक काढले आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाहेर शरीरभर पसरलेल्या मज्जातंतूंना परिघीय मज्जातंतू म्हणतात. मज्जारज्जूतून त्यांच्या 31 जोड्या निघतात. बोलताना आपण त्यांना नस म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो, त्यामुळे ‘नस दबली’ या दोन शब्दांत अनेक निरनिराळे आजार कोंबले जातात. या मज्जातंतूंपैकी काही तंतू स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची जाणीव मेंदूकडे नेतात, काही स्नायूंना हालचालीची आज्ञा देतात, तर काही घाम आणि रक्तप्रवाह सांभाळतात. पहिल्या प्रकारचे तंतू बिघडले की पाय बधिर होतो किंवा त्याची आग होते, दुसऱ्या प्रकारचे बिघडले की बोटे आकड्यासारखी वळतात, आणि तिसऱ्या प्रकारचे बिघडले की घाम आटून टाचेला भेगा पडतात. एकाच पायात ही तिन्ही लक्षणे दिसणे मुळीच दुर्मीळ नाही.

इजा एकाच मज्जातंतूला झाली असेल, तर कारण बहुधा त्याच जागी सापडते. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, एक मज्जातंतू हाडावरून कातडीच्या अगदी लगत जातो. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, तासन्‌तास उकिडवे बसून काम केल्याने, मांडीवर मांडी टाकून बसण्याच्या सवयीने किंवा घट्ट प्लास्टरमुळे तो दबतो आणि पाऊल वर उचलता येईनासे होते. असा माणूस ‘चप्पल पुढून घासते’ अशी तक्रार घेऊन येतो, पण त्याला चप्पल नव्हे, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने स्प्लिंट, म्हणजे पाऊल उचलून धरणारा आधार, लागतो. दुचाकीच्या अपघातात खांद्याजवळचे मज्जातंतू ताणले किंवा तुटले जातात, परंतु ती इजा हाताची असल्याने आमच्या कामाच्या कक्षेत येत नाही.

अशा इजेची प्रतवारी हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यविशारदांनी 1943 मध्ये मांडली, आणि ती आजही उपयोगी पडते. पहिल्या प्रकारात तंतू शाबूत असतो, केवळ संदेश अडतो, आणि काही आठवड्यांत सुधारणा होते. दुसऱ्यात आतला तंतू तुटतो, पण भोवतीचे आवरण टिकून असल्याने तो पुन्हा वाढतो. वाढीचा वेग मात्र दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर असतो, म्हणजे गुडघ्यापासून बोटांपर्यंतचे 40 सेंटीमीटर अंतर कापायला वर्षाहून अधिक काळ जातो. तिसऱ्यात मज्जातंतू पूर्ण तुटलेला असतो आणि तो शस्त्रक्रियेने जोडावा लागतो. महिनाभर मालीश करूनही फरक नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

आमच्याकडे येणाऱ्यांत सर्वाधिक संख्या मधुमेहींची असते. रक्तातील वाढलेली साखर मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना वर्षानुवर्षे इजा करते. सर्वांत लांब तंतू आधी बिघडत असल्याने बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन, मोजा चढवावा तसा, वर सरकतो; तो गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हाताची बोटेही बधिर होऊ लागतात. दुखणारा पाय माणसाला डॉक्टरांकडे नेतो, बधिर पाय नेत नाही, आणि आमच्या मते हीच यातली सर्वांत घातक गोष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यांत देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून घरी आल्यावर तळव्यावर फोड दिसतो, आणि तो केव्हा आला हे सांगता येत नाही.

कुष्ठरोगाची रीत वेगळी आहे. गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधलेला त्याचा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो, म्हणून कोपर, गुडघा आणि घोटा यांजवळचे मज्जातंतू जाड होतात आणि बधिरपणा दोन्ही बाजूंना सारखा न येता तुकड्यातुकड्यांनी येतो. हा आजार बरा होतो आणि त्याची औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. चट्ट्यांविषयीचा आमचा प्रश्न कोणी अपमान समजू नये.

फेणी असो वा अन्य मद्य, दीर्घकाळच्या अतिसेवनाने मज्जातंतू बिघडतात. बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही तेच होते. ही कमतरता केवळ शाकाहारी घरांत असते असे नाही. रोज मासळी खाणारी, पण अनेक वर्षे मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध घेणारी व्यक्तीही तिच्यात सापडू शकते. क्षयावरील आयसोनायझिड, कर्करोगावरील काही औषधे, मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडची कमतरता आणि आनुवंशिक दोष ही आणखी काही कारणे होत.

दोन प्रसंगी आमच्याकडे येऊच नये. काही दिवसांत पायांतील ताकद जाऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर 108 क्रमांकावर दूरध्वनी करून थेट बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, कारण त्यात श्वसनाचे स्नायूही सापडू शकतात. बधिर पाय अचानक सुजून लाल व गरम झाला, तर तो दुखत नसला तरी त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

आमची चप्पल मज्जातंतू बरा करत नाही. ती केवळ तळव्यावरचा दाब विभागते. तिचा आतला थर मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराचा आणि खालचा तळ टणक असतो, खिळा कोठेही नसतो, आणि बधिर पायातून ती निसटली तरी कळत नाही म्हणून मागे पट्टा असतो. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घालावी आणि काढल्यावर तळवा आरशात पाहावा. मापासाठी दुपारनंतर यावे, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो. डॉक्टरांचा कागद आणि सध्या वापरात असलेली चप्पल सोबत आणावी, ती धुऊन आणू नये; तळ कोणत्या बाजूने झिजला आहे आणि बोटांचे ठसे कोठे उमटले आहेत, हे आम्हाला त्यावरूनच दिसते.