सूर्य खवळला की विश्वकिरण ओसरतात

१७ एप्रिल १९१२ रोजी सूर्यग्रहण चालू असताना ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमधून वर चढला. हवेतल्या अणूंचं आयनीभवन करणारे, म्हणजे त्यांना विद्युतभारित करणारे, अदृश्य किरण सूर्याकडून येतात का, हे त्याला पाहायचं होतं. चंद्राने सूर्य जवळजवळ झाकला, पण उपकरणावरचा आकडा काही उतरला नाही. त्याच ऑगस्टमध्ये तो पाच किलोमीटरच्याही वर गेला, तेव्हा किरणांचा मारा जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. म्हणजे ते बाहेरून येत होते, पण सूर्याकडून नाही. १९३६ साली हेसला नोबेल मिळालं.

या विश्वकिरणांना किरण म्हणण्याची सवय पडली आहे एवढंच. प्रत्यक्षात ते कण आहेत: बहुतांश प्रोटॉन, थोडी हेलियमची आणि त्याहून जड अणुकेंद्रं. ताऱ्यांच्या स्फोटांतून उसळलेल्या लाटा त्यांना प्रकाशाच्या जवळपास वेग देतात, असं मानलं जातं.

मग सूर्याचा त्यांच्याशी संबंधच नाही? आहे, आणि तो उलटा आहे! अमेरिकेच्या स्कॉट फोर्बुशने वर्षानुवर्षं चिकाटीने नोंदी ठेवल्या आणि १९५४ मध्ये दाखवून दिलं, की सौरडाग वाढले की विश्वकिरण कमी होतात आणि डाग घटले की ते वाढतात. सुमारे ११ वर्षांचं हे चक्र आहे. सूर्यापासून सतत वाहणारा सौरवारा आपल्यासोबत चुंबकीय क्षेत्र ओढून नेतो. सूर्य जोमात असला, म्हणजे त्यावर डाग वाढलेले असले, की हे क्षेत्र अधिक तीव्र आणि गुंतागुंतीचं होतं, आणि विद्युतभारित कण त्यात भरकटतात. कमी ऊर्जेचे कण जास्त अडतात. अतिप्रचंड ऊर्जेच्या कणांना त्याची फारशी तमा नसते. सूर्याने चुंबकीय प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, मोठा लोळ पृथ्वीकडे फेकला, तर काही तासांतच विश्वकिरण घटतात आणि पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागतात. या घटीला फोर्बुशचंच नाव आहे.

सौरवाऱ्याच्या या चुंबकीय कवचाचा काठ व्हॉयेजर-१ या अंतराळयानाने ओलांडला तो २५ ऑगस्ट २०१२ रोजी, सूर्यापासून सुमारे १,८०० कोटी किलोमीटरवर. सूर्याकडचे कण एकाएकी ओसरले आणि विश्वकिरणांची संख्या चढली.

मला मात्र सर्वांत भावते ती झाडांनी ठेवलेली नोंद. विश्वकिरणांमुळे वातावरणात कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार तयार होतो आणि झाडं तो दरवर्षीच्या वलयात साठवतात. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग क्वचितच दिसले. त्या वर्षांच्या वलयांत कार्बन-१४ वाढलेला आहे.